मनगटावर वेळ बांधणारा माणूस

२६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या मनगटी घड्याळाचा लिलाव झाला. घड्याळ सोन्याचे नव्हते, हिऱ्यामाणकांचे तर नव्हतेच. साधे पोलादी, रोज चावी द्यावी लागणारे आणि बरेच वापरलेले. हॉलिवूडचा अभिनेता पॉल न्यूमन याच्या मनगटावर ते अनेक वर्षे होते. बोली बारा मिनिटे चालली. हातोडा पडला तेव्हा दलालीसह किंमत झाली १ कोटी ७७ लाख डॉलर! त्या वेळच्या भावाने सुमारे ११५ कोटी रुपये. मनगटी घड्याळाला लिलावात एवढी किंमत त्यापूर्वी कधी आली नव्हती. पुढे २०१९ मध्ये जिनिव्हात दुसऱ्या एका घड्याळाने हा उच्चांक मोडला, पण बोलबाला राहिला तो या पोलादी घड्याळाचाच.

त्या घड्याळाच्या तबकडीवर ‘रोलेक्स’ हे पाच अक्षरी इंग्रजी नाव होते. हे नाव ज्याने शोधले तो हान्स विल्सडॉर्फ १९६० सालीच वारला होता. हे विशिष्ट मॉडेल त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी निघाले. म्हणजे ज्या घड्याळामुळे त्याच्या कंपनीचे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले, ते त्याने पाहिलेही नव्हते.

जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला या परक्या माणसाच्या गोष्टीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण आपल्या या दोन तालुक्यांचा आणि मनगटी घड्याळाचा संबंध वाटतो त्याहून जुना आहे. इथल्या घराघरांतला एखादा तरी माणूस गिरणीत, गोदीत, भाजीबाजारात कामाला मुंबईस गेलेला. मुंबईच्या डबेवाल्यांपैकी बरेचसे खेड, आंबेगाव, जुन्नर आणि मावळ भागातले. गावाकडे दिवस उन्हावर आणि कोंबड्याच्या आरवण्यावर मोजला जाई. मुंबईत गेले की भोंगा, लोकल आणि हजेरीचे पुस्तक. त्यातही गंमत अशी की, १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ सुरू झाली तरी मुंबईने आपली जुनी ‘मुंबई वेळ’ सोडली नाही. दोन्हींत ३९ मिनिटांचा फरक. शहरातली काही घड्याळे १९५५ पर्यंत ही जुनी वेळ दाखवीत. रेल्वे एका वेळेने धावणार आणि भिंतीवरचे घड्याळ दुसरीच वेळ सांगणार! अशा शहरात जाऊन आलेल्या माणसाने पहिल्या चार पैशांतून मनगटी घड्याळ घेतले, तर त्यात केवळ मिरवणे नव्हते.

तीच घड्याळे आज ट्रंकेच्या तळाशी, जुन्या सातबाऱ्याच्या आणि लग्नपत्रिकांच्या सोबतीला पडून असतात. कुठे वेस्ट एंड, कुठे फेवर ल्युबा, कुठे रोमर, हेन्री सँडोज किंवा कॅमी. ही सगळी परदेशी. रोलेक्स आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिले. पण घड्याळ खिशातून मनगटावर कसे आले आणि विश्वासाला कसे पात्र झाले, याची गोष्ट सांगायची तर विल्सडॉर्फला वगळून चालत नाही.

त्याचा जन्म २२ मार्च १८८१ चा, जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातल्या कुल्मबाख या गावचा. घरचे लोखंडी सामानाचे दुकान होते. आधी आई गेली, मग वडील. बारा वर्षांचा हान्स, त्याचा भाऊ आणि बहीण अशी तिघे पोरकी झाली. मामा-काकांनी दुकान विकून टाकले आणि त्या पैशांतून मुलांच्या शिक्षणाची सोय केली. हान्सला कोबुर्गच्या वसतिगृहात पाठवले. आपल्याकडे अशा प्रसंगी भाऊबंद काय करतात हे कोर्टाच्या दप्तरांत पाहायला मिळते, तेव्हा या नातेवाइकांचे कौतुकच वाटते. मुलाला मात्र त्या वयात घर मोडल्याचेच दुःख मोठे असणार. परक्या शाळेत त्याने गणित आणि भाषा यांच्यात जीव रमवला. यातली इंग्रजी पुढे त्याला भाकरी देणार होती.

मोत्यांच्या एका निर्यातदाराकडे उमेदवारी करून १९०० साली तो स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फों या गावी आला. घड्याळांचे हे माहेरघर. तिथे कुनो कॉर्टन नावाच्या व्यापाऱ्याच्या पेढीत त्याला इंग्रजी पत्रव्यवहाराची कारकुनी मिळाली, महिना ८० फ्रँकवर. पत्रे लिहायची आणि शिवाय रोज शेकडो खिशातल्या घड्याळांना चावी द्यायची, त्यांची वेळ बरोबर आहे का ते पाहून टिपून ठेवायची. काम कंटाळवाणे खरे. पण शेकडो घड्याळे रोज एकमेकांशेजारी ठेवून पाहणाऱ्याला एक गोष्ट कळून चुकते. बाहेरून सारखी दिसणारी घड्याळे आतून सारखी नसतात. एक रोज अर्धा मिनिट पुढे जाते, दुसरे मागे पडते, तिसरे उभे ठेवले तर एक वेळ दाखवते आणि आडवे ठेवले तर दुसरी. विल्सडॉर्फ आयुष्यभर घड्याळजी झाला नाही. स्क्रू-ड्रायव्हर हाती धरून त्याने काही शोध लावल्याची नोंद नाही. पण कोणते घड्याळ चांगले आणि ते चांगले आहे हे लोकांना कसे पटवायचे, ही दोन्ही अंगे त्या कारकुनीत तो शिकला.

१९०३ मध्ये तो लंडनला गेला आणि १९०५ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, आल्फ्रेड डेव्हिस याच्या भागीदारीत त्याने ‘विल्सडॉर्फ अँड डेव्हिस’ ही पेढी काढली. हा डेव्हिस पुढे त्याचा मेहुणा झाला. स्वित्झर्लंडहून यंत्रे आणायची, इंग्लंडमध्ये केसमध्ये बसवायची आणि सराफांना विकायची असा धंदा. तबकडीवर सराफाचे नाव असे, बनवणाऱ्याचे नसे.

त्या काळी मनगटी घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना. पुरुषाने खिशात साखळीचे घड्याळ बाळगायचे, हीच प्रतिष्ठा. एवढेसे यंत्र बरोबर वेळ दाखवणार नाही, हात हलवला की बिघडेल, धूळ आणि घाम आत जाईल, असे जाणकार घड्याळजीही सांगत. यातले काहीच खोटे नव्हते. पण दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात, १८९९ ते १९०२ या काळात, ब्रिटिश शिपायांनी खिशातली घड्याळे चामड्याच्या पट्ट्यात बसवून मनगटावर बांधली होती. घोड्यावर बसलेल्या आणि हातात बंदूक असलेल्या माणसाला खिशात हात घालायला सवड नसते. विल्सडॉर्फने हे हेरले. बीएन गावच्या एग्लर कारखान्यात लहान आकाराची चांगली यंत्रे तयार होत. त्याने तिथे आपल्या ऐपतीबाहेरची भली मोठी मागणी नोंदवली. धंद्यातल्या लोकांनी त्याला वेड्यात काढले असेल तर नवल नाही.

१९०८ साली त्याने ‘रोलेक्स’ हे नाव नोंदवले. कोणत्याही भाषेत म्हणता येईल, लहानशा तबकडीवर मावेल असे आखूड नाव त्याला हवे होते. लंडनच्या रस्त्यावरून घोड्यांच्या बसच्या वरच्या मजल्यावर बसून जाताना ते आपल्याला सुचले, असे तो सांगत असे. सराफांना तबकडीवर कारखान्याचे नाव नको होते, म्हणून आधी सहा घड्याळांत एक, मग दोन, असे करत त्याने ते हळूहळू घुसवले.

पण नावाने वेळ बरोबर होत नाही. त्यासाठी त्याने जो मार्ग काढला तो मला त्याच्या सगळ्या कर्तृत्वात थोर वाटतो. आपले घड्याळ चांगले आहे हे त्याने स्वतः सांगितले नाही, त्रयस्थाकडून सांगवले. १९१० मध्ये बीएनच्या परीक्षा केंद्राकडून मनगटी घड्याळासाठी अचूकतेचे प्रमाणपत्र मिळाले. मग त्याने थेट लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचे दार ठोठावले. जहाजांवरच्या मोठ्या क्रोनोमीटर घड्याळांची परीक्षा घेणारी ही संस्था. तिथे मनगटी घड्याळ पंचेचाळीस दिवस ठेवून घेतले गेले. पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि तीन तापमानांत, गारठ्यात आणि उबेत, त्याची चाल तपासली गेली. १५ जुलै १९१४ रोजी त्याला ‘अ’ वर्गाचे प्रमाणपत्र मिळाले. जगात मनगटी घड्याळाला हा मान प्रथमच मिळत होता.

तीन आठवड्यांत महायुद्ध पेटले. खंदकातल्या सैनिकाला तोफांचा मारा थांबण्याचा नेमका क्षण माहीत असणे म्हणजे जीव वाचणे. युद्ध संपले तेव्हा परतलेल्या पुरुषांच्या मनगटावर घड्याळ होते आणि त्यांना बायकी म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. विल्सडॉर्फला मात्र युद्धाचा फटका बसला. जर्मन आडनाव दुकानावर असणे लंडनमध्ये धोक्याचे झाले. १९१५ पासून पेढी ‘रोलेक्स’ या नावानेच चालू लागली. त्यात सरकारने आयात घड्याळांवर तेहेतीस टक्क्यांहून अधिक जकात बसवली. १९१९ मध्ये त्याने जिनिव्हा गाठले आणि पुढचे सारे आयुष्य तिथेच गेले.

राहिला होता प्रश्न धुळीचा आणि पाण्याचा. घड्याळात ओल शिरते ती मुख्यतः चावीच्या दांड्यापाशी. पेरेगो आणि पेरे या दोघा स्विस कारागिरांनी आटे पाडून घट्ट बसणाऱ्या चावीचे पेटंट घेतले होते. विल्सडॉर्फने ते विकत घेतले आणि १९२६ मध्ये ‘ऑयस्टर’, म्हणजे कालव, या नावाचे जलरोधक घड्याळ बाजारात आणले. लोकांचा विश्वास बसावा म्हणून दुकानांच्या काचेच्या कपाटात माशांच्या हंड्या ठेवल्या, मासे पोहताहेत आणि शेजारी घड्याळ चालते आहे!

यापुढची गोष्ट जाहिरातीच्या इतिहासात फार गाजली. मर्सिडीज ग्लायट्झे ही लंडनमधील टंकलेखिका ७ ऑक्टोबर १९२७ रोजी इंग्लिश खाडी पोहून गेली. असे करणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. पण लगेच दुसऱ्या एका बाईने खोटाच दावा केला आणि त्या गदारोळात मर्सिडीजच्या पराक्रमावरही शंका घेतली गेली. बिचारीने २१ ऑक्टोबरला पुन्हा पाण्यात उडी घेतली. विल्सडॉर्फने तिच्या गळ्यात ऑयस्टर घड्याळ अडकवले. पाणी इतके गार होते की दहा तासांहून अधिक झुंजल्यावर तिला अर्धवट शुद्धीत वर काढावे लागले. घड्याळ मात्र चालू होते. २४ नोव्हेंबरला लंडनच्या ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर पानभर जाहिरात झळकली. तीत घड्याळाचे यश ठळक होते. त्या दिवशी खाडी पार झाली नव्हती हे मात्र वाचणाऱ्याच्या सहज ध्यानात येऊ नये, अशी ती बेतलेली होती. विल्सडॉर्फचा हात इथे ओळखू येतो. तो खोटे बोलत नसे, पण खरे किती सांगायचे हे त्याला पक्के ठाऊक होते.

१९३१ साली आपोआप चावी मिळणारे घड्याळ आले. आत अर्धवर्तुळाकार वजन बसवलेले, हात हलला की ते गोल फिरणार आणि स्प्रिंग गुंडाळली जाणार. हाताच्या हालचालीने चालणारे मनगटी घड्याळ इंग्रज कारागीर जॉन हारवुड याने आधीच केले होते, पण त्याचे वजन पूर्ण फिरत नसे आणि त्याची कंपनी त्याच सुमारास बुडाली.

त्याआधी अवघ्या काही महिन्यांपूर्वी, १२ डिसेंबर १९३० रोजी, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार बाबू गेनू मुंबईच्या काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि चिरडून मेला. कापडाला निदान खादीचा पर्याय होता. घड्याळाला तोही नव्हता. स्वदेशीचा कट्टर कार्यकर्ताही सभेची वेळ परदेशी घड्याळातच पाही, आणि ही अडचण पुढे तीस वर्षे टिकली.

दुसऱ्या महायुद्धातल्या एका प्रसंगामुळे विल्सडॉर्फ संग्राहकांच्या जगात विशेष लाडका झाला आहे. जर्मनांच्या कैदेत पडलेल्या ब्रिटिश सैनिकांची घड्याळे काढून घेतली जात. विल्सडॉर्फने त्यांना कळवले की, छावणीतून पत्राने घड्याळ मागवा, पैसे युद्ध संपल्यावर द्या. जो माणूस उद्या जिवंत असेल की नाही सांगता येत नाही, त्याला उधारी! व्यापारी हिशेबाने हा शुद्ध वेडेपणा. पण कैद्याच्या दृष्टीने पाहा. युद्ध आपण जिंकणार आणि तू घरी परतणार, असे कोणीतरी आपला पैसा लावून सांगत होते. छावण्यांतून मागणीचा ओघ लागला. श्टालाग लुफ्ट ३ या छावणीत जोडे शिवण्याचे काम पाहणारा कॉर्पोरल क्लाइव्ह नटिंग याने १९४३ मध्ये सेकंद मोजणारे महागाचे घड्याळ मागवले आणि ते त्याला मिळालेही. याच छावणीतून मार्च १९४४ मध्ये ७६ कैदी भुयारातून पळाले. त्यांतले तिघेच निसटले. पकडलेल्यांपैकी ५० जणांना गोळ्या घालण्यात आल्या. नटिंगचे घड्याळ पहारेकऱ्यांच्या फेऱ्या मोजायला वापरले असावे, असा तर्क करतात. त्याच्याजवळ जिनिव्हाहून आलेली पत्रेही जपून ठेवलेली होती. २००७ मध्ये ती पत्रे आणि घड्याळ एकत्र विकली गेली. नुसत्या घड्याळाला त्याच्या निम्मीही किंमत आली असती की नाही कोण जाणे.

१९४४ मध्ये पत्नी फ्लोरेन्स वारली. मूलबाळ नव्हते. पुढच्याच वर्षी विल्सडॉर्फने आपल्या नावाची एक संस्था स्थापून कंपनीतला आपला सगळा हिस्सा तिच्या स्वाधीन करण्याची व्यवस्था केली. आजही कंपनीची मालकी याच संस्थेकडे आहे. वडिलांचे दुकान विकले गेलेले पाहणाऱ्या मुलाने आपले दुकान कोणालाच कधी विकता येऊ नये अशी तजवीज केली, हा योगायोग मानायला मन तयार होत नाही. तारीख दाखवणारे, पाणबुड्यांसाठीचे, वैमानिकांसाठी दोन देशांच्या वेळा दाखवणारे अशी एकाहून एक घड्याळे त्याच्या अखेरच्या पंधरा वर्षांत निघाली. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेलाही त्याची घड्याळे होती. मात्र हिलरीजवळ शिखरावर इंग्लंडच्या ‘स्मिथ्स’ कंपनीचे घड्याळ होते, आणि त्यावरून दोन कंपन्यांच्या चाहत्यांचे भांडण अद्याप मिटलेले नाही. ६ जुलै १९६० रोजी विल्सडॉर्फ जिनिव्हात वारला.

पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, बंगळूरला जपानच्या ‘सिटिझन’च्या साहाय्याने एचएमटीची घड्याळे तयार होऊ लागली. पंडित नेहरूंना त्यांचे कोण कौतुक! मुलगा दहावी झाला की एचएमटी, जावयाला एचएमटी, निवृत्त होणाऱ्या गुरुजींना एचएमटी. पण १९६९ च्या नाताळात टोकिओत क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीस आले. जुन्या घड्याळाचा तोल सेकंदाला साधारण पाच टिकटिक करतो, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार. क्वार्ट्झचा स्फटिक एका सेकंदात ३२,७६८ वेळा कंप पावतो. अचूकतेची शर्यत तिथेच संपली. स्वित्झर्लंडमधले बहुसंख्य घड्याळ कामगार पंधरा-सोळा वर्षांत बेकार झाले. आपल्याकडे १९८७ पासून टायटन आले आणि एचएमटी मागे पडत गेली. २०१६ मध्ये ती घड्याळे बंद करण्यावर सरकारने शिक्कामोर्तब केले.

आणि मग नवलच घडले. वेळ सांगण्यासाठी ज्याची गरज उरली नाही, ते घड्याळ लोक जमवू लागले! संग्राहकाचे तर्कशास्त्र उफराटे असते. न्यूमनच्या घड्याळाची ती दुरंगी, ठसठशीत आकड्यांची तबकडी साठ-सत्तरच्या दशकांत दुकानांत पडून राहत असे, गिऱ्हाइकाला ती आवडत नसे. खपली नाही म्हणून थोडी राहिली, थोडी राहिली म्हणून दुर्मीळ झाली. काळी तबकडी उन्हाने विटून तपकिरी पडली तर किंमत वाढते. पॉलिश करून केस चकचकीत केली तर उतरते. मूळ डबा, पावती, मागच्या बाजूला कोरलेले नाव यांना मोल आहे, कारण घड्याळाबरोबर माणूसही हवा असतो.

इथेच आपल्याकडची एक खोड आडवी येते. जुने घड्याळ सापडले की ते नव्यासारखे करून घ्यायचे, हा आपला खाक्या. मुंबईत जुन्या घड्याळांच्या तबकड्या पुन्हा रंगवून, एकाचे काटे दुसऱ्याला बसवून विकण्याचा धंदाच चालतो. परदेशी संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात. लाल, निळ्या, हिरव्या तबकडीचे एचएमटी स्वस्तात मिळाले म्हणून खूष होणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. कारागिराचा त्यात दोष नाही. जुने नवे करून द्या, असे गिऱ्हाईकच सांगत आले.

अचूक वेळच हवी असेल तर ती आपल्या दारात आहे. नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी रेडिओ दुर्बीण उभी आहे, ती स्पंदक ताऱ्यांचे ठोके मोजते. यांतले काही तारे सेकंदाला शेकडो वेळा स्वतःभोवती फिरतात आणि त्यांची चाल चांगल्या अणुघड्याळाशी तोलता येते. जून २०२३ मध्ये विश्वात मंदपणे पसरलेल्या गुरुत्वीय लहरींचे पुरावे शास्त्रज्ञांनी जाहीर केले, त्यांत खोडदच्या नोंदींचा वाटा होता. द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शिवारात बसून इतकी काटेकोर वेळ मोजली जात असताना मंचरच्या किंवा जुन्नरच्या पेठेत चावीचे घड्याळ उघडून पाहणारा घड्याळजी मात्र शोधावा लागतो. मुले मोबाइल दुरुस्तीकडे वळली, त्यांना दोष कसा द्यावा?

तेव्हा ट्रंकेत आजोबांचे घड्याळ सापडलेच तर लगेच जोराने चावी देऊ नये. आतले तेल सुकून गोंद झालेले असते आणि स्प्रिंग तुटू शकते. अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचे फार जुने घड्याळ असेल तर घरी उघडूच नये, त्या रंगात रेडियम असण्याचा संभव असतो. जाणत्या कारागिराकडे न्यावे, साफसफाई आणि तेलपाणी करून घ्यावे, आणि डायल रंगवायची नाही हे आधी दोनदा बजावावे. पट्टा बदलला तरी जुना फेकू नये. पावती मिळाली, घड्याळ हातात असलेला एखादा फोटो मिळाला, तर तो त्याच डबीत ठेवावा.